२०२४ चे माझे सर्वोत्तम रेसलर : पहिला नंबर ड्रू मॅकिंटायरचा!

धागाकर्ता : रिंगसाइड_पुणेकर

डिसेंबर उजाडला की वर्षातल्या सर्वोत्तम पैलवानांच्या याद्या निघायला लागतात आणि बहुतेक याद्यांत वरचा नंबर चॅम्पियनचा पट्टा ज्याच्याकडे आहे त्याला मिळतो. यंदा तो मान बरेच जण कोडी ऱ्होड्सला देणार हे दिसतंच आहे. माझी यादी मी दोन प्रश्नांवर लावली. मंगळवारी पहाटे साडेपाचला रॉ (डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी रेसलिंग कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम) लावायला मला कोणी भाग पाडलं? आणि त्याच्याशी जो भिडला, तो नंतर आधीपेक्षा मोठा झाला का? या दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एकच येतं : ड्रू मॅकिंटायर. वर्षातल्या बहुतेक मोठ्या लढती तो हरला, तरीही.

ड्रूची तळमळ समजून घ्यायची तर २०२० पासून सुरुवात करावी लागते. रेसलमेनिया ३६ मध्ये (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वात मोठा कार्यक्रम) त्याने ब्रॉक लेसनरला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप जिंकली. करोनाचे दिवस. ऑरलँडोचं ट्रेनिंग सेंटर, समोर रिकाम्या खुर्च्या, एक टाळी नाही. कंपनीने २०१४ मध्ये काढून टाकलेला माणूस परत येऊन सर्वोच्च पट्टा जिंकतो आणि बघायला कोणीच नाही. २०२२ मध्ये कार्डिफला हजारो लोकांसमोर तेव्हाचा चॅम्पियन रोमन रेन्सला हरवायची संधी आली, तर तिथे रोमनच्या घराण्यातला सोलो सिकोआ ऐन वेळी टपकला. म्हणजे भरल्या स्टेडियममध्ये पट्टा उचलायचं त्याचं स्वप्न चार वर्षं तसंच लटकलेलं होतं.

आता २०२४. २७ जानेवारीला रॉयल रंबल या तीस जणांच्या लढतीत ड्रूच्या डीडीटीत (मान पकडून डोक्यावर पाडायचा डाव) सीएम पंकचा ट्रायसेप्स फाटला. इथे कथा आणि निकाल आधी लिहिलेले असतात, पण ही दुखापत खरी होती, पंकचा रेसलमेनिया खरोखरच हुकला. दोन दिवसांनी रॉमध्ये पंक लोकांना ते सांगत असताना ड्रू येतो आणि म्हणतो, हे व्हावं अशी मी प्रार्थना केली होती. त्या वाक्याचे पुढे टी-शर्ट निघाले. पण मला त्याहून जास्त आवडलं ते हे, की ड्रूला आपण खलनायक आहोत असं कधी वाटतच नव्हतं. त्याच्या लेखी तो खरं बोलणारा एकमेव माणूस होता. उत्तम खलनायक असाच असतो. त्याचं म्हणणं ऐकून मनात येतं, ‘अरे, याचं चुकतंय कुठे?’

रेसलमेनिया ४०, फिलाडेल्फिया, दुसऱ्या रात्रीची पहिलीच लढत. आपल्याकडे सोमवारची पहाट. ड्रूने सेथ रॉलिन्सला चीत केलं आणि चार वर्षांनी, भरल्या मैदानात, पट्टा हातात आला. पंक तिथेच कॉमेंट्रीला बसलेला. ड्रूला राहवलं नाही. टेबलावर चढून पंकच्या तोंडासमोर तो पट्टा नाचवायला लागला. पंकने पाय ओढला, दुखऱ्या हाताच्या ब्रेसनेच त्याला बडवलं आणि तेवढ्यात डेमियन प्रीस्ट मनी इन द बँकची सूटकेस (ती जिंकणाऱ्याला हवं तेव्हा चॅम्पियनला आव्हान देता येतं) घेऊन धावत आला. जन्मभर वाट पाहिलेला पट्टा सहा मिनिटंसुद्धा टिकला नाही. आणि दोष कोणाचा? पूर्णपणे ड्रूचा. पट्टा घेऊन सरळ आत निघून गेला असता तर चॅम्पियन राहिला असता. असं लिहिणाऱ्याला आणि ते जगून दाखवणाऱ्याला माझा सलाम.

मग १५ जून, ग्लासगो. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. स्कॉटलंडचा माणूस स्कॉटलंडमध्ये, बॅगपाइपच्या सुरावर रिंगकडे येतोय आणि अख्खं सभागृह त्याच्या नावाने घुमतंय. ही लढत कोणी पाहिली नसेल तर शेवटची पाच मिनिटं तरी बघाच. पंच कोसळलेला. ड्रूने प्रीस्टवर पिन घातली, आतून दुसरा पंच धावत आला. एक. दोन. हात हवेतच थांबला. कॅमेरा फिरला तर पंचाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात पंक! मायदेशातल्या लोकांसमोर, एका थापेच्या अंतरावरून पट्टा गेला. ड्रूचे डोळे त्या क्षणी नीट पाहा. राग नंतर येतो. आधी काही सेकंद त्याला हे कळतच नाही, मग कळतं, आणि मग चेहरा बदलतो. शंभर किलोंपेक्षा जास्त वजनाचा माणूस नुसत्या डोळ्यांनी एवढं सांगतो.

जुलैत टोरोंटोला सूटकेस जिंकून त्याच रात्री ती वापरली, पंकने तीही वाया घालवली. दरम्यान शिकागोत, पंकच्या घरच्या मैदानात, ड्रूने त्याला बेदम मारून हातातलं ब्रेसलेट पळवलं होतं. साधं मण्यांचं ब्रेसलेट, त्यावर पंकच्या बायकोचं आणि कुत्र्याचं नाव. करोडोंच्या कंपनीत महिनोन्महिने भांडण चाललं ते त्या मण्यांवरून. ऑगस्टच्या समरस्लॅम कार्यक्रमातली लढत ड्रूने जिंकली, बर्लिनची स्ट्रॅप मॅच (दोघांना चामडी पट्ट्याने बांधून होणारी) पंकने, आणि ५ ऑक्टोबरला अटलांटात बॅड ब्लड कार्यक्रमातल्या हेल इन अ सेल या बंद पिंजऱ्यातल्या लढतीत पंकने हिशेब पुरा केला. लाल रक्ताने माखलेला ड्रू हरला. पण हिशेब बघा : सेहेचाळीस वर्षांचा, वर्षाचा बराच काळ जायबंदी असलेला पंक वर्षअखेरीस पुन्हा पहिल्या रांगेत उभा आहे, प्रीस्ट मेन इव्हेंटचा पैलवान झाला आहे. दोघांनाही वर चढवणारा ड्रूच.

दुसरा नंबर गुंथर. ऑस्ट्रियाचा, पूर्वीचा वॉल्टर. हॉन्की टाँक मॅनचा इंटरकॉन्टिनेंटल या दुय्यम पट्ट्याचा ४५४ दिवसांचा विक्रम १९८८ पासून अबाधित होता. गुंथरने तो मोडला आणि पट्टा ६६६ दिवस राखला. ६ एप्रिलला सामी झेनकडे तो हरला तेव्हा त्या हरण्याला केवढं वजन आलं! कारण दोन वर्षं त्याने पट्ट्याला वजन दिलं होतं. झेनला त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत तुडवत होता आणि झेन उठत होता. गुंथरकडे उड्या नाहीत, आतषबाजी नाही. उघड्या छातीवर हाताचा सणसणीत फटका, म्हणजे चॉप, एवढंच भांडवल. पण तो आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि समोरच्याच्या छातीवर बोटांचे वळ लढत संपेपर्यंत दिसत राहतात. मेमध्ये जेद्दात किंग ऑफ द रिंग स्पर्धा, ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडला प्रीस्टकडून वर्ल्ड हेवीवेट पट्टा. रँडी ऑर्टनसोबतची बर्लिनची लढत शांतपणे बसून बघण्यासारखी आहे.

तिसरा विल ऑस्प्रे, एईडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा. नुसत्या रिंगमधल्या कामाचा विचार केला तर तोच पहिला, याबद्दल माझं कोणाशी भांडण नाही. २१ एप्रिलला सेंट लुइसच्या डायनेस्टी कार्यक्रमात ब्रायन डॅनियलसनबरोबर त्याची जी लढत झाली, ती माझ्या मते वर्षातली सर्वोत्तम. शेवटी ऑस्प्रेने टायगर ड्रायव्हर ९१ लावला. मानेवर पाडणारा तो डाव, आणि समोर मानेचा जुना पेशंट. जिंकूनही ऑस्प्रेचा चेहरा उतरलेला होता. पुढे कित्येक महिने तो डाव लावायचा की नाही यावरच त्याची कथा चालली. एका डावातून अख्ख्या वर्षाची गोष्ट निघाली, हे फार थोड्यांना जमतं.

चौथी लिव्ह मॉर्गन. रिया रिप्लीने खांदा मोडला म्हणून सूड घ्यायला परतली आणि एकेक करून रियाचा पट्टा, तिचा ग्रुप आणि तिचा कथेतला प्रियकर डॉमिनिक मिस्टेरिओ, सगळं घेतलं. समरस्लॅमला डॉमिनिकने रियाशी दगा केला तेव्हा प्रेक्षकांतून उठलेला तो ‘हाऽऽ’ आठवतोय ना?

कोडी पाचवा. १३१६ दिवसांची रोमनची राजवट त्याने संपवली, वडील डस्टी ऱ्होड्स यांना जो पट्टा कधी मिळाला नाही तो घरी नेला. ती रात्र कोणीच विसरणार नाही. पण एप्रिलनंतर त्याच्या गोष्टीत ‘पुढे काय’ हे कुतूहल मला फारसं उरलं नाही. मित्र केव्हिन ओवेन्स उलटल्यावर ऑक्टोबरपासून पुन्हा रंग भरला, तोवर माझ्यापुरता उशीर झाला होता.

तुमच्या याद्या येऊ द्यात.

---

साताऱ्याची_सून

पाचवा?? कोडी पाचवा? अहो, निषेध!

एप्रिलनंतर कुतूहल उरलं नाही म्हणता, पण एप्रिलपर्यंत काय झालं ते एका ओळीत उडवलंत. २ फेब्रुवारीच्या स्मॅकडाउनमध्ये (डब्ल्यूडब्ल्यूईचा दुसरा साप्ताहिक कार्यक्रम) कोडीने रेसलमेनियात रोमनशी लढायची जागा रॉकसाठी (ड्वेन जॉन्सन) सोडल्याचं दाखवलं. लोक इतके भडकले, की ‘आम्हाला कोडी हवा’ हा आवाज थांबेचना. ८ फेब्रुवारीला लास वेगासच्या कार्यक्रमात कोडी परत रोमनसमोर उभा राहिला, रॉकच्या हातची थोबाडीत खाल्ली आणि गोष्ट फिरली. रॉकसारख्या माणसाला बाजूला सरकायला लावेल एवढं प्रेम दुसऱ्या कोणाच्या वाट्याला यंदा आलं? ड्रूच्या? गुंथरच्या?

आणि चॅम्पियन म्हणून त्याने काय केलं ते बघा. लियॉन, जेद्दा, ग्लासगो, क्लीव्हलँड, बर्लिन. प्रत्येक ठिकाणी पट्टा पणाला लावला. रोमन वर्षातून चार वेळा दर्शन द्यायचा. कोडी दर आठवड्याला येतो, रिंगकडे जाताना लहान पोरांपाशी थांबतो. माझा धाकटा त्याच्या एंट्रीला सोफ्यावर उभा राहून ‘वोऽऽ’ ओरडतो. चॅम्पियनचं काम लढती जिंकण्यापुरतं नसतं, कंपनीचा चेहरा होणं हेही काम आहे आणि ते अतिशय थकवणारं आहे.

माझी यादी : कोडी, गुंथर, रिया (जखमी होती तरी), बेली, ड्रू. बेलीचं नाव तुमच्या यादीत नाही याचंही वाईट वाटलं. रॉयल रंबलमध्ये तासाहून जास्त वेळ रिंगमध्ये टिकून जिंकली आणि रेसलमेनियाला इयो स्कायला हरवलं. मैत्रिणींनी पाठीत खंजीर खुपसल्यावरचे तिचे प्रोमो (माइकवरची भाषणं) बघा एकदा.

---

कऱ्हाडचा_वस्ताद

वाचलं सगळं. एक मनापासूनचा प्रश्न आहे, खोडी काढायची म्हणून नाही. आमच्या घरात तीन पिढ्या तालमीतल्या. नुरा कुस्ती आमच्याकडे शिवी आहे. निकाल आधी ठरवून लढणारा पैलवान गावात तोंड दाखवू शकत नाही. मग जिथे निकाल ठरलेलाच आहे तिथे ‘सर्वोत्तम’ कसा निवडता? पट्टा कोणाला द्यायचा ते ऑफिसात ठरणार. हा यांचा मान की लिहिणाऱ्याचा?

आजोबा मात्र वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्री स्टाइल कुस्त्या बघायला जायचे. तेव्हाही ठरवलेल्या असतात असं लोक म्हणायचे, तरी मैदान भरायचं. ते का, हे मला त्यांना विचारायचं राहून गेलं.

---

रिंगसाइड_पुणेकर

वस्ताद, प्रश्न रास्त आहे. नुरा कुस्ती शिवी का, तर तिथे प्रेक्षकाला फसवलेलं असतं. खरी आहे सांगून खोटी दाखवली. इथे प्रेक्षकाला माहीत आहे आणि पैलवानाला माहीत आहे की प्रेक्षकाला माहीत आहे. फसवणूक कोणाचीच नाही. ठरलेला असतो तो निकाल. छातीवर बसणारा चॉप खराच बसतो. पंकचा स्नायू खराच फाटला. डॅनियलसनला डोक्याच्या दुखापतींमुळे २०१६ मध्ये निवृत्त व्हावं लागलं, दोन वर्षांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो परतला. अडीच तीन मीटरवरून पडणाऱ्या माणसाला खालच्याने झेलायचं असतं, तेही झेलतोय असं दिसू न देता. समोरच्याचा जीव अक्षरशः तुमच्या हातात असतो आणि तुम्ही त्याचे वैरी असल्याचं वीस हजार लोकांना पटवायचं असतं. यात कोण चांगला, कोण सुमार हे तासाभरात कळतं.

आणि लिहिणारा एकच असला तरी तीच गोष्ट एकाच्या हातात फुलते आणि दुसऱ्याच्या हातात मरते. ग्लासगोचा तो थांबलेला हात कागदावर कोणीतरी लिहिला असेल. ड्रूचे डोळे नाही लिहिले.

साताऱ्याची_सून, फेब्रुवारीबद्दल पूर्ण सहमत. निकाल ठरवणाऱ्यांना लोकांनी ठरवायला लावलं, हे या खेळाचं मोठेपण आहे, त्याचं श्रेय कोडीला आहेच. तरी माझा क्रम तोच राहील. बेली मात्र पहिल्या दहात नक्की.

---

थेम्सकाठची_मराठी

२५ ऑगस्टला मी वेम्बलीत होते, एईडब्ल्यूच्या ऑल इन कार्यक्रमाला. इथे दोन नावं घातल्याशिवाय मला राहवणार नाही.

पहिलं ब्रायन डॅनियलसन. स्वर्व्ह स्ट्रिकलंडविरुद्ध हरला तर पूर्णवेळ कारकीर्द संपली, अशी अट होती. त्याची बायको आणि मुलं रिंगजवळ बसलेली. टीव्हीवर कॅमेरा अधूनमधून दाखवत असेल, पण स्टेडियममध्ये असताना तुमची नजर आपोआप त्या लेकीकडे जाते. बाबा रक्तबंबाळ आहे आणि ती बघतेय. माझ्या शेजारच्या आडदांड इंग्रज गृहस्थांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. तो जिंकला तेव्हा आजूबाजूचे अनोळखी लोक मिठ्या मारत होते. आणि तेवढंच श्रेय स्वर्व्हला! एईडब्ल्यूचा पहिला कृष्णवर्णीय वर्ल्ड चॅम्पियन. त्या रात्री तो इतका निर्दय वागला नसता, तर डॅनियलसनच्या जिंकण्याला ती धार आलीच नसती. रिंगसाइड, तुमच्याच कसोटीवर स्वर्व्ह तुमच्या यादीत का नाही?

दुसरं नाव जोडीने घेते : टोनी स्टॉर्म आणि मरायाह मे. टोनी जुन्या कृष्णधवल चित्रपटातल्या नटीच्या थाटात वावरते. तिचे पडद्यावरचे प्रसंगही काळेपांढरे दाखवतात. मरायाह तिची भक्त, तिच्यासारखे कपडे, तिच्यासारखे केस, सतत मागेमागे. महिनोन्महिने हे इतकं गोड चाललं होतं की शंका येत असूनही ती खोटी ठरावी असं वाटायचं. जुलैत मरायाहने ओवेन हार्ट स्पर्धा जिंकली आणि त्याच रात्री टोनीला बूट मारून रक्तबंबाळ केलं. वेम्बलीत पट्टाही घेतला. बायकांच्या रेसलिंगमध्ये एवढी संथपणे, एवढ्या विश्वासाने शिजवलेली कथा मी आजवर पाहिली नव्हती. लिव्हचा सूड मलाही आवडला, पण या दोघी वरच्या.

---

रिंगसाइड_पुणेकर

स्वर्व्हचा मुद्दा बिनतोड आहे. कथेत वैरी हँगमन पेजने त्याचं लहानपणचं घर जाळल्याच्या प्रसंगानंतर ऑल आउट कार्यक्रमातली त्या दोघांची पिंजऱ्यातली लढत मात्र माझ्यासाठी फारच हिंसक झाली, ती मी अर्धी नजर चुकवत पाहिली. टोनी-मरायाह लिव्हच्या वर, हेही मान्य. त्यांच्या कथेला प्रेक्षकांनी जेवढा वेळ दिला तेवढाच लेखकांनीही दिला, हे यंदा फार कमी वेळा झालं.

---

टोकियो_लोकल

धागा सुरेख, पण अमेरिका-इंग्लंडच्या पलीकडे कोणी बघणार आहे का? माझा २०२४ चा पहिला नंबर झॅक सेबर ज्युनियर.

माणूस इंग्लंडचा, केंटचा. पण घडला, रुजला तो जपानमध्ये. १८ ऑगस्टला र्योगोकूच्या सुमो हॉलमध्ये योता त्सुजीला हरवून त्याने जी वन क्लायमॅक्स जिंकली. जी वन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो : ऐन उन्हाळ्यात महिनाभर चालणारी साखळी स्पर्धा, गावोगाव, एकामागून एक लढती, न्यू जपान या जपानी रेसलिंग कंपनीतली सर्वात खडतर. तिच्या इतिहासात बिगरजपानी विजेता आधी एकच होता, २०१६ चा केनी ओमेगा. झॅक दुसरा. मग १४ ऑक्टोबरला तेत्सुया नाइतोकडून त्याने आयडब्ल्यूजीपी वर्ल्ड हेवीवेट हा न्यू जपानचा सर्वोच्च पट्टा घेतला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ओकाडा आणि ऑस्प्रे दोघेही न्यू जपान सोडून अमेरिकेत गेले होते. घर रिकामं झाल्यासारखं वाटत होतं. अशा वेळी राहिलेल्यांपैकी एकाने उभं राहून सांगितलं की मी आहे. मला हे फार मोठं वाटतं.

त्याची लढत कशी असते? तो समोरच्याचं मनगट धरतो. एवढंच. तिथून बोटं, कोपर, खांदा, मान. समोरचा एक पीळ सोडवतो तोवर हा दुसऱ्यात असतो. उड्या मारणाऱ्यांच्या जमान्यात सडपातळ माणूस जमिनीवर बसून हजारो लोकांना श्वास रोखायला लावतो. वस्ताद, तुम्ही याची एखादी लढत बघाच. तुमचं मत ऐकायला आवडेल.

---

कऱ्हाडचा_वस्ताद

बघितली. नाइतोबरोबरची, काल रात्री, पोराच्या मोबाइलवर. मग तीच परत लावली.

सुरुवातीची खडाखडी बघूनच कळलं की गडी कसलेला आहे. हाताची पकड कोपराच्या वर जाऊ न देता मनगटावर ठेवणं, हे शिकवून लवकर येत नाही, त्याला वर्षं जातात. एके ठिकाणी समोरच्याने अंग टाकलं तर याने जोर न लावता त्याच्याच वजनाने त्याला फिरवला. आमच्याकडे पोरांना हेच ओरडून सांगावं लागतं, ‘जोर लावू नको, त्याचा जोर वापर.’ पायांची बैठकही पक्की आहे. पट काढायला खाली जातो तेव्हा डोकं आत ठेवतो, बाहेर नाही. हे नाटक करणाऱ्याचं अंग नव्हे. हा माणूस मॅटवर जन्म घालवलेला आहे.

निकाल ठरलेला होता हे डोक्यात होतंच, आणि ते मला पुढेही टोचत राहील, खोटं कशाला बोलू. लाल मातीतली कुस्ती ती कुस्ती. खासबागेत चटकदार कुस्ती निकाली झाल्यावर जी आरोळी उठते तिची सर कशालाच नाही. पण रिंगसाइड म्हणतात तसं हे फसवणं नाही, एवढं पटलं. आणि तो गुंथर का कोण, त्याचीही एक बघितली. झेनबरोबरची. चॉप खरे आहेत. छातीवर रक्त साकळलेलं दिसतं. मार खाऊन परत छाती पुढे करायची, याला हिंमत लागते. मला विचाराल तर तुमच्या त्या स्कॉटलंडवाल्यापेक्षा हे दोघे वरचे.

---

गल्लीतला_अंडरटेकर

मीही मत देतो. सर्वोत्तम : जे उसो! वर्षभर जिथे जिथे गेला तिथे अख्खं सभागृह हात वरखाली करत होतं. सप्टेंबरमध्ये ब्रॉन ब्रेकरकडून इंटरकॉन्टिनेंटल पट्टाही घेतला. रिंगमध्ये तो ऑस्प्रे नाही हे मान्य, पण एंट्रीला त्याच्याइतका आनंद यंदा कोणीच दिला नाही. रॉमध्ये त्याच्या एंट्रीपर्यंत जागा राहतो आणि मग ऑफिसची तयारी.

आणि रोमनला कोणी पहिल्या पाचात का घेत नाहीये? समरस्लॅमला तो परतला तेव्हाचा आवाज ऐकलात का? न लढतासुद्धा तो यादीत येतो.

---

साताऱ्याची_सून

रोमनचं परतणं जबरदस्त, पण एकेरी लढती किती केल्या? रेसलमेनियानंतर मोठ्या कार्यक्रमात एकेरीत दिसलाच नाही. वर्षाचा सर्वोत्तम ठरायला वर्षभर हजेरी लागते. जे उसो मात्र चालेल. माझ्या धाकट्याचं दुसरं मत त्यालाच आहे.

---

परतलेला_वाचक

तुम्ही सगळे ज्या आपुलकीने लिहिताय ते वाचून पुन्हा बघावंसं वाटायला लागलं. मी रॉक, स्टोन कोल्ड, ट्रिपल एचच्या काळातला. ट्रम्पकार्डांवर छाती, वजन, रँक पाठ होते. नोकरी लागली आणि सुटलं. आता कोण कुठे आहे काहीच माहीत नाही. २०२४ मधलं नेमकं काय बघू? सगळं बघण्याइतका वेळ नाही.

---

रिंगसाइड_पुणेकर

परतलात, बरं वाटलं. तुमच्यासाठी क्रम असा लावतो.

आधी ऑस्प्रे विरुद्ध डॅनियलसन, डायनेस्टी. पार्श्वभूमी काहीही माहीत नसली तरी चालते, दोघे काय करताहेत ते आपोआप कळतं. मग झेन विरुद्ध गुंथर. त्यानंतर कोडी-रोमनची फिलाडेल्फियाची रात्र. ती तुमच्यासाठी खास, कारण तिथे जॉन सीना येतो, अंडरटेकर येतो, खुद्द रॉक येतो, तुमचा आख्खा जुना काळ त्या अर्ध्या तासात रिंगमध्ये उतरतो. सीनाने २०२५ हे आपलं शेवटचं वर्ष असल्याचं जुलै २०२४ मध्ये टोरोंटोत जाहीर केलं होतं. झॅकला त्यापुढच्या वर्षात बघायचं असेल तर ४ जानेवारी २०२५ ला टोकियो डोममध्ये शोटा उमिनोशी झालेली त्याची लढत आहे.

ड्रू-पंक मात्र तुकड्या तुकड्यांत बघू नका. जानेवारीतली ती रॉ, मग रेसलमेनियाची लढत आणि तिच्यानंतरची काही मिनिटं, मग ग्लासगो, मग ब्रेसलेट पळवतो ते शिकागोचं स्मॅकडाउन, मग समरस्लॅम, बर्लिन आणि सरतेशेवटी हेल इन अ सेल, याच क्रमाने. घाई असेल तर बर्लिन गाळा. ग्लासगो गाळू नका.